कोपरात भोक नव्हतं

दुपारचे तीन वाजले होते. एप्रिलातलं सोलापूर, डांबर चप्पल धरून ठेवतं अशी वेळ. सात रस्त्याजवळच्या शोभेच्या दिव्यांच्या दुकानात खरेदीपेक्षा गारव्यासाठी शिरलेली माणसं जास्त होती. काउंटरशेजारी एका चौरंगावर पाणबुड्याचं जुन्या घाटाचं हेल्मेट मांडलेलं होतं. तांब्याच्या रंगाचा गोल घुमट, पितळी कड्यांची तीन तावदानं, त्यांवर जाळी, खाली खांद्यांवर बसणारा रुंद पत्रा आणि त्याच्या कडेने ओळीत विंग नट. आत पिवळा बल्ब. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी त्याच्याभोवती दोनदा फिरली. तिसऱ्यांदा मागच्या बाजूला थांबली. तिथे बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला एक पितळी कोपर होता. तिने त्यात करंगळी घालून पाहिली आणि ओरडली, "ओ पप्पा, ह्याला भोकच नाही की! मग आत हवा कुठनं येणार?" वडील पंख्यांच्या किमती बघत होते. "शोपीस हाय बाळा ते, हात लावू नको." मुलगी ऐकून सरळ उभी राहिली, पण निघण्याआधी पटकन वाकली, कोपराला तोंड लावलं आणि जोरात फुंकली. गाल फुगले, डोळे मोठे झाले, हवा काही गेली नाही. मग वडिलांनी हाताला धरून तिला पंख्यांकडे नेलं.

तो कोपर तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दिवा देखणा होता, यात शंका नाही. घडवणाऱ्याने पुष्कळ मन लावलेलं होतं. विंग नट मोजले तर बरोबर 12 भरले. जाळीचे गज सारख्या अंतरावर होते, समोरच्या तावदानाला बिजागरीसुद्धा होती. असली हेल्मेटं मुरादाबादकडे घडतात आणि जगभरच्या दिवाणखान्यांत जातात, त्या हातांबद्दल आदरच वाटतो. पण डोळ्याला दिसतं ते सगळं उतरलं आणि हवेची वाट तेवढी राहून गेली. खऱ्या हेल्मेटात हिशेब उलटा असतो. घुमट, तावदानं, नट हे सगळं त्या वाटेच्या चाकरीला असतं. दोनशे वर्षांत हेल्मेटाचा आकार बदलला, धातू गेला, फायबर आलं, वजन जवळपास निम्म्यावर आलं, आणि या प्रत्येक बदलामागे विचारणा एकच होती: हवा आत कुठून येते, बाहेर कुठून जाते, आणि मधेच काही तुटलं तर ती उलटी फिरते का? त्या पोरीने नेमकं पहिलंच विचारलं होतं.

समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात हा विषय परका वाटेल, पण त्याची सुरुवात आपल्या ओळखीची आहे. जुन्या, बरीच वर्षं न उपसलेल्या विहिरीत गाळ काढायला माणूस उतरण्याआधी दोराला बांधून कंदील खाली सोडतात. कंदील विझला तर कोणी उतरत नाही. तळाशी कोंदलेली हवा ज्योतीला पुरत नाही, तिथे माणसालाही पुरत नाही. (काही विषारी वायू कंदील जळत असतानाही माणसाला मारतात. त्यामुळे कंदील राहिला म्हणजे विहीर चांगली, असं उलट मात्र म्हणता येत नाही.) हेल्मेटाचा जन्म असाच वाईट हवेत झाला, पाण्यात नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स डीनने 1823 साली धुराने भरलेल्या घरात, जहाजाच्या पोटात शिरण्यासाठी डोक्यावरून घालायच्या धातूच्या टोपाचं पेटंट घेतलं. बाहेरून भात्याने चामड्याच्या नळीतून हवा ढकलायची. धुरासाठी त्याला गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही. मग तो आणि त्याचा भाऊ जॉन तेच पाण्याकडे घेऊन गेले. हेल्मेट घडवण्याचं काम लंडनमधल्या ऑगस्टस सीबेच्या कारखान्यात झालं. 1836 साली डीन बंधू याच हेल्मेटातून 1545 साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या जहाजावर उतरले.

ते हेल्मेट कसं चालायचं हे समजायला विहिरीच्या पायरीवर बसून तांब्या पालथा करून पाण्यात दाबून बघावा. आतली हवा आतच राहते, तळाला लावलेला कागद कोरडा राहतो. आता तो तांब्या तिरका करा. गुडगुड करून हवा निघून जाते आणि पाणी भरतं. डीन बंधूंचं हेल्मेट म्हणजे असा पालथा तांब्या. वरून पंपाची हवा येत राहायची आणि जास्तीची हवा खालून, कमरेपर्यंत लोंबणाऱ्या अंगरख्याच्या काठातून, बुडबुडे होऊन निघून जायची. बाहेर जायला वेगळी झडप नव्हती. माणूस सरळ उभा आहे तोवर ही रचना फार सोपी आणि फार भरवशाची. पण बुडालेल्या जहाजावर सरळ उभं राहून किती काम होणार? फळीला अडखळून आडवा झाला, तोफेखाली दोर घालायला वाकला, की तांब्या तिरका.

म्हणून अंगरखा बंद झाला. पायाच्या बोटांपासून गळ्यापर्यंत एकसंध रबरी कापडाचा पोशाख, त्याची रबरी कॉलर हेल्मेटच्या खांदेपत्र्यावर घट्ट आवळलेली, आणि हवा बाहेर पडायला हेल्मेटवरच झडप. सीबेच्या कारखान्यात 1830च्या दशकाच्या शेवटी हे रूप पक्कं झालं. कर्नल पास्लीच्या हाताखालच्या इंग्रज सैनिकांनी 1839पासून 'रॉयल जॉर्ज' या बुडालेल्या युद्धनौकेवर जे काम केलं, त्यात ते कसाला लागलं. आता माणूस वाकू शकत होता, गुडघ्यावर बसू शकत होता, चिखलात आडवाही होऊ शकत होता.

आणि इथेच एक नवा मृत्यू हेल्मेटात शिरला.

तो नीट समजून घ्यायला हवा, कारण दुकानातल्या कोपराशी त्याचाच संबंध आहे. पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. 10 मीटरवरच्या पाणबुड्याच्या पोशाखात हवा त्याच दाबाची असते, म्हणून त्याला काही जाणवत नाही. आता पाण्याच्या वर, होडीच्या काठावर घासून नळी फुटली असं धरा. नळीचं दुसरं टोक उघड्या हवेत आलं, तिथे दाब कमी. पोशाखातली सगळी हवा त्या नळीतून उलटी वर धावते. पोशाख मऊ, तो अंगाला चिकटतो. हेल्मेट मात्र धातूचं, ते दबत नाही. मग दबण्यासारखं उरतं काय? माणूस. हेल्मेटच्या गळ्याचं तोंड 30 सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर क्षेत्रफळ 700 चौरस सेंटिमीटर होतं. 10 मीटरवर तिथून माणसाला आत रेटणारा जोर सुमारे 700 किलोचा, म्हणजे कांद्याची 50 किलोची 14 पोती. 30 मीटरवर याच्या तिप्पट. डायव्हर लोक याला 'स्क्वीझ' म्हणतात. मराठीत पिळवटणं म्हणता येईल, पण तो शब्दही कमी पडतो. पास्लीच्याच मोहिमेत 1842 साली एका सैनिकाची नळी फुटली आणि त्याला चेहरा-मान सुजलेल्या, कान-तोंडातून रक्त येत असलेल्या अवस्थेत वर काढलं. तो वाचला. सगळे वाचले नाहीत.

यावरचा उपाय अंगठ्याएवढा आहे. नळी हेल्मेटला जिथे जोडली जाते तिथेच, त्या कोपरात, एकच दिशा मान्य करणारी झडप बसवायची. हवा आत येताना ती उघडते, उलटी निघाली की आतल्या दाबाने आणि बारीक स्प्रिंगने बसते. हिला 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' म्हणतात. ही झडप बघायची तर समुद्रावर जायला नको. होटगी रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलची ट्यूब हातात घ्या. पंपाची नळी काढली तरी चाकातली हवा परत येत नाही, कारण आतली पिन बसते. या व्हॉल्व्हला जगभर 'श्राडर' म्हणतात. न्यूयॉर्कमधला ऑगस्ट श्राडरचा कारखाना रबराच्या वस्तूंना लागणारे पितळी जोड बनवायचा आणि पाणबुड्यांची हेल्मेटंही बनवायचा. चाकाच्या व्हॉल्व्हचं पेटंट त्याच घरातून 1893 साली आलं. थुंकी लावून व्हॉल्व्ह तपासणारा आपला पंक्चरवाला आणि हेल्मेटचा कोपर तपासणारा डायव्हर, दोघेही एकच गोष्ट बघत असतात.

आता घडणीकडे वळू, कारण तांब्याच्या बाबतीत सोलापूरकराला कोणी नवं सांगायला नको. मधल्या मारुतीजवळच्या भांड्यांच्या दुकानात आपण हंडा घेताना बोटाने वाजवून बघतो, काठ दाबून बघतो. हेल्मेटच्या घुमटाला तांबं याच कारणाने निवडलं: ठोकून किंवा फिरत्या साच्यावर दाबून ते गोल होतं, फाटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात लोखंडासारखं झडत नाही. तावदानांच्या कड्या, कोपर, गळ्याची कडी पितळेच्या किंवा तोफेच्या मिश्रधातूच्या ओतीव, त्या घुमटाला डाख देऊन जोडलेल्या. आणि आतून-बाहेरून कल्हई. संग्रहालयात चकचकीत लाल तांब्याची हेल्मेटं दिसतात, पण त्यांतली कित्येक कामावर असताना कल्हईमुळे पांढुरकी, शिशासारख्या रंगाची होती. पुढे कोणीतरी हौसेने घासून तो थर काढलेला असतो. कल्हई का, हे ताक तांब्याच्या भांड्यात कळकलेलं ज्याने चाखलंय त्याला विचारायला नको. ओलसर उबदार श्वास तासन्‌तास आतून लागतो, त्यात घाम, त्यात खारा शिडकावा. उघड्या तांब्यावर हिरवं चढतंच.

घुमट आणि खांदेपत्रा हे दोन वेगळे भाग. त्यांना जोडणारा आटा साधा, सलग नसतो. तो मधूनमधून कापलेला असतो. घुमट थोडा बाजूला वळवून खाली बसवायचा आणि वर्तुळाच्या फक्त आठव्या हिश्शाइतका फिरवायचा, की जोड बसतो. मध्ये तेल मुरवलेल्या चामड्याचा वायसर. पूर्ण आटा असता तर माणसाच्या डोक्यावर जड घुमट पाच-सहा फेरे फिरवावा लागला असता, आणि संकटात काढताना तेवढेच उलटे. मात्र हे आटे जोडीजोडीने कापलेले असत. म्हणून घुमटावर आणि पत्र्यावर एकच क्रमांक ठोकलेला असतो. एकाचा घुमट दुसऱ्याच्या पत्र्यावर बसवला तर समोरचं तावदान नाकासमोर न येता जरा बाजूला येतं, किंवा वायसर पुरता दबत नाही आणि बुडबुड्यांची बारीक माळ निघत राहते. आठवा हिस्सा फिरवून बसतं ते तेवढंच उलटं फिरवून निघूही शकतं, म्हणून मागे एक खिटी असते. घुमट बसला की ती आडवी पाडायची आणि तिला पिन घालायची.

चढवण्याची रीत ठरलेली. डायव्हर स्टुलावर बसतो, दोन टेंडर म्हणजे मदतनीस दोन बाजूंना. पोशाखाच्या रबरी कॉलरला 12 भोकं, ती खांदेपत्र्याच्या 12 खुंट्यांवर एकेक करून ओढून घ्यायची. वरून पितळेच्या 4 वक्र पट्ट्या, मग 12 विंग नट, ते हाताने आणि शेवटी पान्याने. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी, असं करायचं नाही. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, नाहीतर रबर एकीकडे सरकून सुरकुती पडते आणि पाणी तिथूनच येतं. अमेरिकन नौदलाच्या 'मार्क फाइव्ह' या प्रसिद्ध पोशाखात हेल्मेट आणि खांदेपत्रा मिळून सुमारे 25 किलो, कमरेचा शिशाचा पट्टा 38 किलो, एकेक बूट 8 किलो. जमिनीवर माणूस दोन पावलं टाकायला कचरतो. घुमट चढवण्याआधी हवा सुरू करायची, टेलिफोन तपासायचा. समोरचं तावदान सर्वांत शेवटी. तेवढा वेळ बाहेरचा वारा चेहऱ्याला लागतो. ते बंद झालं की घुमटावर हाताने थाप मारायची. आतल्या माणसाला आता हवेच्या सूं आवाजाखेरीज फारसं ऐकू येत नाही. टेलिफोनवरचं बोलणं ऐकायचं तरी त्याला क्षणभर हवा बंद करावी लागते.

त्या थापेचा विचार केला की पोटात कालवतं.

आतल्या माणसाच्या हाती दोन गोष्टी. डाव्या छातीजवळ हवा येण्याचा कॉक, आणि डोक्याच्या उजव्या बाजूला हवा जाण्याची झडप. तिचं बटण हेल्मेटच्या आत असतं आणि ते डोकं किंवा हनुवटी टेकवून दाबायचं. या दोन्हींमधला तोल सांभाळणं म्हणजे निम्मी विद्या. हवा कमी झाली तर पोशाख छातीवर दाबतो आणि डोकं दुखायला लागतं. जास्त झाली तर पोशाख फुगतो. पाय फुगले तर माणूस उलटा होतो, पाय वर, डोकं खाली, आणि बाहेर जाणारी झडप आता खालच्या बाजूला आल्यामुळे पायांतली हवा सुटत नाही. तो बाटलीच्या बुचासारखा वर फेकला जातो. हात इतके ताठ की कॉकपर्यंत पोचत नाहीत. बूट जड असतात आणि पोटऱ्यांच्या मागे पोशाखाला नाडी घालून आवळतात, ते यासाठीच. पुढच्या डावीकडे आणखी एक बारीक कॉक असतो, त्याला सरळ 'थुंकण्याचा कॉक' म्हणतात. तावदानावर वाफ धरली की तो किंचित उघडायचा, आलेलं पाणी तोंडात घ्यायचं आणि काचेवर फवारायचं. बंदराच्या गढूळ पाण्याची चव घेतल्याशिवाय समोरचं दिसत नसे.

पण सगळ्यांत लबाड शत्रू डायव्हरच्या स्वतःच्या श्वासात होता. 20 मीटरच्या पलीकडे माणसं थकत, धापा टाकत, कधी बेशुद्ध होत, आणि दोष खोलीला दिला जाई. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1906च्या सुमारास ब्रिटिश नौदलासाठी तपास केला तेव्हा कळलं की हेल्मेटात उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो. गणित विहिरीवरच्या मोटेइतकं सरळ आहे. पंप मारणारे गडी वर तेवढेच टोले मारत असतात. 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे वरची तीन लिटर हवा खाली एका लिटरची होते. माणूस मात्र खालीही तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे डोकं धुऊन काढणारा वारा एक तृतीयांश उरला. हेल्मेट मोठं असून उपयोग नाही, ते सतत धुतलं गेलं पाहिजे. पुढे हिशेब पक्का झाला: साध्या कामाला डोक्यावरून मिनिटाला सुमारे 127 लिटर हवा वाहायला हवी, आणि ती त्या खोलीवर मोजलेली. 20 मीटरसाठी वर पंपाने मिनिटाला 381 लिटर ओढायची.

इतकी हवा फुकट जाते हे शास्त्रज्ञांना दिसत नव्हतं असं नाही. 1860च्या दशकातच फ्रान्समध्ये रूकेरोल आणि देनेरूझ यांनी माणूस श्वास ओढेल तेव्हाच हवा देणारं यंत्र बनवलं होतं. पण हेल्मेटच्या कामात ते खऱ्या अर्थाने रुळायला शंभर वर्षं गेली. वाहती हवा खर्चिक होती, तरी तिच्यात बिघडण्यासारखं कमी होतं, आणि जीव टांगलेला असला की माणूस खर्चाकडे बघत नाही. हे मला समजतं. खूप खोलीवर हवेऐवजी हेलियम आणि ऑक्सिजनचं महाग मिश्रण वापरावं लागलं तेव्हा मात्र वाहू देणं परवडेना. 1939 साली बुडालेल्या 'स्क्वालस' या अमेरिकन पाणबुडीवर, सुमारे 74 मीटर खोल, जे डायव्हर उतरले त्यांच्या हेल्मेटच्या पाठीला एक डबा होता. वायू त्यातल्या रसायनातून फिरवून, कार्बन डायऑक्साइड काढून, पुन्हा नाकाशी आणायचा.

मग 1960च्या दशकात, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर तेलविहिरींची कामं वाढली आणि हेल्मेट खांद्यांवरून उठून डोक्यावर आलं. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो. लुईझियानाच्या जो सॅव्हॉय या डायव्हरने गळ्याभोवती घट्ट बसणारी रबरी पट्टी केली, 'नेक डॅम'. गळ्याशीच पाणी अडलं, त्यामुळे हेल्मेट पोशाखापासून सुटं झालं. पोशाख फाटला तर अंग भिजेल, डोकं कोरडं राहील. फुगून उलटं होण्याची भीती गेली. त्याने याचं पेटंट घेतलं नाही, ज्याला हवं त्याने ते उचललं. कॅलिफोर्नियात बॉब कर्बी आणि बेव्ह मॉर्गन या दोघांनी आधी तोंडावर पट्ट्याने आवळायचे मुखवटे केले आणि 1975 साली फायबरग्लासचं 'सुपरलाइट 17' आणलं. आजही आपल्या किनाऱ्यावर डायव्हर ज्याला नुसतं 'हॅट' म्हणतात ते बहुतेक त्याच घराण्यातलं. जुन्या घुमटात डोकं फिरवून बाजूच्या तावदानातून बघावं लागे. आता हॅटच डोक्याबरोबर फिरते, म्हणून बाजूच्या खिडक्या गेल्या.

या हॅटचं वजन साधारण 12 ते 15 किलो, आणि ते मुद्दाम आहे. डोक्याभोवतीची पोकळी आणि भिंती मिळून 12 लिटर पाण्याची जागा अडवत असतील तर 12 किलो वजन हवंच, नाहीतर हॅट मान वर ओढत राहील. काठावर मान मोडते, पाण्यात हॅट जाणवत नाही. आत नाक-तोंडावर बसणारी रबरी वाटी. हॉल्डेनला जी जागा धुवायला शेकडो लिटर लागत, ती या वाटीने मूठभर केली. श्वास ओढला की समोरचा रेग्युलेटर उघडतो, सोडला की मिटतो. मिनिटाला 40 लिटर हवेत काम भागतं, 20 मीटरवर वरून 120. उजव्या कानाशी 'साइड ब्लॉक' नावाचा धातूचा ठोकळा. त्यात होडीवरून येणारी मुख्य हवा, पाठीवरच्या राखीव सिलिंडरचा म्हणजे 'बेलआऊट'चा कॉक, आणि सतत वाहत्या हवेची चकती. ती चकती उघडली की हवा काचेवर पसरते आणि वाफ जाते. थुंकण्याच्या कॉकचं काम आता ती करते. आत पाणी आलं तरी हीच चकती उघडून डोकं कलतं करायचं, की पाणी झडपेतून निघून जातं.

आणि त्या साइड ब्लॉकच्या तोंडाशी, नळी जिथे जोडली जाते तिथे, तीच जुनी झडप.

पावणेदोनशे वर्षांत तिची जागा हलली नाही, तिचं काम मात्र वाढलं. नेक डॅममुळे पूर्ण शरीर पिळवटण्याचा धोका उरला नाही, पण नळी तुटली आणि झडप बसली नाही, तर हॅटमधली हवा उलटी जाऊन चेहरा-डोळे ओढले जातात. शिवाय डायव्हर बेलआऊट उघडतो तेव्हा ती राखीव हवा त्याच्या तोंडाकडे न येता तुटक्या नळीतून पाण्यात पळते. वर यायला ठेवलेली काही मिनिटं काही सेकंदांत संपतात. ही झडप बिघडते कशाने? वाळूचा एक कण, मिठाचा एक खडा, चिरलेलं ओ-रिंग म्हणजे रबरी कडं, दमलेली स्प्रिंग. त्यापेक्षा मोठं कारण लागत नाही. म्हणून ती रोज तपासायची, पहिल्या बुडीआधी. आठवड्यातून एकदा करून भागत नाही.

उजनीसारख्या धरणावर हे सगळं आपल्या दाराशी येतं. 117 टीएमसी पाणी, 41 दरवाजे. सोलापूरच्या नळाला जे येतं त्यातलं पुष्कळ तिथलं. अशा जलाशयात दरवाजांची रबरी सीलं, जाळ्या, पाणी उचलायच्या नळांची तोंडं तपासायची वेळ येते तेव्हा माणसालाच उतरावं लागतं. भीमेच्या गाळात हॅटवर दिवा लावला तर उजेड समोरच्या कणांवर आपटून परत डोळ्यांत येतो. काम बोटांनी करायचं. दिसत नसलं म्हणजे कान मोठे होतात: स्वतःच्या श्वासाची घरघर, टेलिफोनवर वरच्या माणसाचा आवाज, रेग्युलेटरची टकटक. टेलिफोन गेला तर दोरीची भाषा आहे, ती तांब्याच्या हेल्मेटापासून चालत आलेली. दोरीला चार हिसके म्हणजे वर घ्या. चार, चार, चार म्हणजे ताबडतोब वर ओढा. दोन, दोन, दोन म्हणजे अडकलोय, मदत पाठवा.

आणि तिथे एक असा धोका आहे ज्याला कुठलीच हॅट पुरी पडत नाही. दरवाजाच्या एका बाजूला 20 मीटर पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. सीलमध्ये हाताच्या पंजाएवढं, 10 सेंटिमीटर लांब-रुंद भोक असेल तर तिथे 200 किलोची ओढ असते. एक हात पुढे टाकून पाण्याची धाव जाणवेपर्यंत हात तिथे चिकटलेला असतो, आणि एवढ्या जोराविरुद्ध दोरीने ओढलं तर दोर निघेल, माणूस निघणार नाही. उपाय फक्त पाण्याच्या वर आहे: दोन्ही बाजूंची पातळी सारखी करा, दरवाजे-पंप बंद करून त्यांना कुलूप घाला, किल्ली डायव्हिंग सुपरवायझरच्या खिशात, आणि मगच माणूस पाण्यात. जिथे ही शिस्त ढिली तिथे महागातली हॅट घेऊनही उपयोग नाही. हे लिहिताना राग येतो, कारण कुलपाची किंमत हॅटच्या किमतीपुढे काहीच नसते.

मुंबई हायला समुद्र साधारण 75 मीटर खोल आहे, म्हणजे जवळपास 'स्क्वालस'इतकाच. तिथे हेलियम परत मिळवणाऱ्या हॅटही वापरतात. सोडलेला श्वास पाण्यात न जाता दुसऱ्या नळीने वर जातो, धुऊन पुन्हा वापरला जातो. ती परतीची नळी कमी दाबाची असते. म्हणजे ज्या ओढीपासून वाचायला 1840च्या दशकात कोपरात झडप घातली, तीच ओढ आता हॅटच्या दुसऱ्या बाजूला मुद्दाम जोडलेली आहे, आणि ती डायव्हरच्या फुप्फुसांपर्यंत पोचू नये म्हणून तिथे आणखी झडपा.

रोजची ती तपासणी अशी असते. हॅट मांडीवर घ्यायची. होडीकडची नळी काढायची. सततच्या हवेची चकती उघडायची, म्हणजे आतली वाट मोकळी राहते. मग जिथे नळी बसते त्या पितळी तोंडाला ओठ घट्ट लावायचे आणि हवा आपल्याकडे ओढून बघायची. जराही हवा आली तर झडप गळतेय, त्या दिवशी ती हॅट पाण्यात जात नाही, झडप खोलून धुऊन, ओ-रिंग बदलून पुन्हा बसवायची. फुंकली तर मात्र हवा आत गेली पाहिजे. मशीन लागत नाही, मीटर लागत नाही. जगात कुठल्याही बंदरावर, कुठल्याही धरणावर, सकाळी चहानंतर डायव्हर हे करतो आणि त्याच्या ओठांवर थोडा वेळ पितळेची चव राहते.

दुकानातून निघताना ती मुलगी वडिलांचं बोट धरून दारापाशी उभी होती. पंखा घेतला होता, खोका रिक्षात ठेवत होते. मागे दिवा तसाच जळत होता, तिन्ही तावदानांतून पिवळा उजेड फरशीवर पडला होता. तिने ओढणीच्या टोकाने ओठ पुसले, जिभेने पुन्हा एकदा चाटून बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.